किंचित झुकलेला सातवा खांब

नमुना प-९. रकाना १: पाहणी करणाऱ्याचे नाव व हुद्दा

राहत्या इमारतीत त्यांना सगळे पर्यटनराव म्हणत. हुद्दा वरिष्ठ लिपिक, माहिती-पुस्तिका शाखा, पर्यटन कार्यालय, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. प्रवासाचा अनुभव: लग्नानंतर एकदा बायकोला समुद्र दाखवायला निघाले होते, तेव्हा दुसरी बस चुकली आणि वाटेतल्या बसस्थानकावर चार तास बसून दोघं परत आली. समुद्राचा विषय निघाला की बायको अजूनही म्हणते, "आम्ही बसस्थानक पाहिलंय. फार ऐसपैस आहे."

असं असूनही कार्यालयाची पर्यटन-पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पर्यटनरावांनी लिहिलेली होती. खुर्चीवरून न उठता ते डोंगर चढले होते, गुहांत उतरले होते, धबधब्यांचे तुषार त्यांनी अंगावर घेतले होते. जुन्या फायली, गावोगावची पत्रं आणि तळहाताएवढे फोटो, एवढं भांडवल त्यांना पुरे. शेजारीपाजारी सुट्टीत कुठे जावं ते त्यांनाच विचारत, आणि ते हातवारे करून सांगत, "पूल ओलांडलात की लगेच डावीकडे बघायचं. उजवीकडे बघितलंत तर संपलं." लोक तसं बघूनही येत. कुणी कधी तक्रार केली नाही. निदान त्यांच्यापर्यंत कुणाची पोचली नाही.

मग नवे संचालक आले. नव्या माणसाला असतो तसा यांनाही कामाचा उत्साह होता. पहिल्याच बैठकीत त्यांनी पुस्तिका वर धरून विचारलं, "यातलं काय काय पाहिलंय तुम्ही लोकांनी?"

पंख्याचा आवाज तेवढा आला.

त्या शांततेतून नमुना प-९ जन्माला आला. ज्याने जे लिहिलं, त्याने तिथे जावं, पाहावं, मोजावं आणि सही करावी. एकेका ठिकाणाचा फॉर्म येत जाईल, आणि पुढच्या सोमवारपर्यंत ज्याचा भरून परत जाणार नाही ते ठिकाण नव्या आवृत्तीतून वगळलं जाईल. आणि खाली बारीक अक्षरात: माहिती चुकीची आढळल्यास लेखकास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. पर्यटनरावांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांच्या टेबलावर पहिला फॉर्म पडला तो पान एकतीसचा.

पान एकतीस म्हणजे त्यांच्या लेखणीचा कळस. कार्यालयात कुणाचा निरोपसमारंभ असला की ते पान मोठ्यांदा वाचलं जाई. पुस्तिकेत येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती:

*"गावापासून जवळच, वृद्धांनाही सहज चालता येईल अशा सपाट पायवाटेने गेल्यास एका अज्ञात राजवटीच्या सभागृहाचे सात खांब दृष्टीस पडतात. सातवा खांब किंचित झुकलेला असून काळाचे ओझे जणू त्याने एकट्याने पेलले आहे. येथील नीरव शांततेचा भंग होतो तो केवळ पारव्यांच्या घुमण्याने."*

"पारवे तरी असतील ना तिथे?" बायकोने विचारलं.

"अगं, पडक्या ठिकाणी पारवे असतातच," पर्यटनराव म्हणाले. हा त्यांचा एकमेव पुरावा होता.

रकाना २: यापूर्वीच्या दौऱ्याचा क्रमांक

इथेच गाडी अडली. आधीच्या दौऱ्याचा क्रमांक दिल्याशिवाय नव्या दौऱ्याला मंजुरी मिळत नाही, आणि आधी कधी दौराच झालेला नाही. आस्थापना विभागातल्या बाईंनी चष्मा पुसला आणि शून्य टाकून पाहिलं. संगणकाला शून्य चालेना. मग त्यांनी एक टाकला, आणि मंजुरी झटक्यात बाहेर आली. त्यामुळे पर्यटनराव कागदोपत्री यापूर्वी एकदा कुठेतरी जाऊन आलेले आहेत. कुठे ते कार्यालयाला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण त्या दौऱ्याचा अहवाल अजून दिलेला नाही म्हणून त्यांना स्मरणपत्रं येतात.

रकाना ३: सोबत नेलेले साहित्य

(१) मोजपट्टी, एक. ही भांडारातून मिळाली. भांडारपालाने ती देताना खाली पाहत सांगितलं, "सुरुवातीचे पाच मीटर तुटलेत. पाचापासून मोजायचं आणि शेवटी पाच वजा करायचे."

"नवी नाही का?"

"आहे. पण ती दिली तर मग भांडारात काय राहील?"

पर्यटनरावांनी तुटकी पट्टी घेतली आणि पोचपावतीवर सही केली.

(२) बाकीचं साहित्य शेजाऱ्यांचं. पर्यटनराव खरोखरच कुठेतरी निघालेत ही बातमी इमारतीत अशी पसरली की संध्याकाळपर्यंत दारात रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरांनी जळवांसाठी अर्धा किलो मीठ आणलं. जळवा दलदलीत असतात, तिथे कोरडा माळ आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "कोरडा म्हणून कुणी लिहिलंय? तुम्हीच ना?" आणि मीठ ठेवून गेले. समोरच्या कवायत-मास्तरांनी शिट्टी दिली. हरवलं की तीनदा फुंकायची. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी दोरीचं भेंडोळं दिलं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही, पण जुन्या ठिकाणी दोरी लागते असं त्यांचं ठाम मत होतं. एकाने छत्री दिली, दुसऱ्याने छत्री नेऊ नका असा सल्ला दिला, कारण उघड्यावर वीज छत्रीलाच शोधत येते. पर्यटनरावांनी छत्री घेतली आणि उघडायची नाही असं ठरवलं. सगळ्यांचं मन राखलं गेलं.

बायकोने पिशवी उचलून पाहिली. "तिथे पडझड आधीच झालीय ना," ती म्हणाली, "मग हे घेऊन वर कशाला चढता? उरलेलंही पडेल."

रकाना ४: प्रवासाचे साधन

इथे फॉर्ममध्ये पर्यटनरावांनी 'बस' असं लिहिलं आहे. ते खरं आहे, पण संपूर्ण खरं नाही.

निघाले ते साडूच्या मोटारीतून. साडू मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापारी. सर्वत्र जाऊन आलेला माणूस. कुठल्याही गावाचं नाव काढा, "तिथे? दोन तास दहा मिनिटं," असं उत्तर तयार. तिथे काय पाहिलं असं विचारलं तर म्हणणार, "पोचलो की परत निघालो. अंधाराच्या आत घरी."

"राव, तुम्ही बस कसली धरता? मी सोडतो," तो म्हणाला. "मला एकदा तुमचा तो झुकलेला खांब बघायचाच आहे. आमच्या हिने पाठ केलाय."

म्हणजे साक्षीदारही ठरला. पर्यटनराव मनातून खचले.

पहिले दोन तास गुळगुळीत गेले. मग डांबर संपलं, मग खडी संपली, मग रस्ता संपला आणि त्याच्या जागी रस्त्याची आठवण तेवढी सुरू झाली. एका ओढ्याच्या पात्रात मोटारीने खालून काहीतरी टाकलं आणि ती थांबली. साडूने खाली वाकून पाहिलं. व्यापाराचा माणूस, त्याने ताबडतोब त्या भागाचं नाव, कंपनी आणि तो कुठल्या कुठल्या गाड्यांना बसतो ते सांगितलं. बसवायचा कसा, ते त्याला माहीत नव्हतं.

"विकतो मी," तो दुखावून म्हणाला. "लावणारे वेगळे असतात."

पर्यटनरावांनी शिट्टी काढली आणि तीनदा फुंकली. योगायोग म्हणा किंवा कवायत-मास्तरांची पुण्याई म्हणा, पण वळणावरून बस आली. मोटार तिथेच सोडून दोघं चढले.

बसमध्ये पाच माणसं होती. कंडक्टर, ड्रायव्हर, लशींची थंड पेटी मांडीवर घेतलेल्या नर्सबाई, आणि वह्यांचे गठ्ठे घेतलेल्या दोन शिक्षिका. कंडक्टरने या दोघांकडे असं पाहिलं, की जणू जत्रा चढली.

"सात खांब?"

"हो."

"खरंच?" त्याने ड्रायव्हरला हाक मारली. "अहो, प्रवासी आहेत. खरे."

ड्रायव्हरने आरसा नीट केला. कंडक्टर मग शेजारी येऊन बसला आणि आपुलकीने सांगू लागला. या गावाला बस परवडत नाही. दोनदा बंद करायचा हुकूम निघाला होता. पण सात खांबांचं पान सरकारी पुस्तकात आहे, आणि पुस्तकातल्या ठिकाणाला बस द्यावीच लागते, असा नियम आहे. "तेव्हा कागदावर ही पर्यटन बस आहे. या बाई पर्यटक. या दोघीही पर्यटक." नर्सबाईंनी पेटीवरचा हात न काढता मान डोलावली. "ते पान आहे तोवर आम्ही आहोत. पान गेलं की या बाई येतील चालत, बावीस किलोमीटर."

"पेटीतला बर्फ वितळतो तोवर," नर्सबाई म्हणाल्या.

रकाना ५: (कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये.)

लिहिलं नाही. नाहीतर लिहिण्यासारखं होतं. पुढचे तेरा किलोमीटर पर्यटनराव खिडकीशी बसून घाम पुसत होते, हवा गार असूनही. आपलं एक पान म्हणजे एक बस असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि आपण ते पान एका दुपारी, चहा यायच्या आत लिहिलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रकाना ६: पोहोच-मार्ग व परिसर

गावात शिरताना ड्रायव्हरने लांब भोंगा दिला. त्यासरशी कुठेतरी चाललेली घरघर एकदम बंद पडली, आणि सगळीकडे शांतता पसरली. पर्यटनराव पायरीवरच थबकले. त्यांनी डोळे मिटले.

"ऐकताय?" ते साडूला हळूच म्हणाले. "नीरव."

रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीतून एक बाई बाहेर आल्या. पापण्यांपर्यंत पीठ. त्यांनी दाराला टेकून दोघांकडे असं पाहिलं, की पर्यटनरावांना डोळे उघडावेच लागले.

"किती वेळ लागेल तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"तास-दीड तास."

"म्हणजे पाचपर्यंत गिरणी बंद." त्या आत वळल्या. "बघा, बघा. सावकाश बघा. लोकांना काय, उद्या जेवतील."

तेवढ्यात राखणदार आला. साठीला टेकलेला, उंच, काटक माणूस, बगलेत नोंदवही. त्याने दोघांना अदबीने नमस्कार केला आणि पुढे चालू लागला. पायवाट खरोखर सपाट होती. दोन्ही कडांना दगड लावलेले, पन्नास-साठ पावलांवर बसायला कट्टा. पर्यटनरावांची छाती फुगत चालली.

"वृद्धांनाही सहज," ते साडूला म्हणाले.

"आता आहे सहज," राखणदार मागे न बघता म्हणाला. "आधी इथे उभा चढ होता. पुस्तकात सपाट लिहिलेलं. म्हातारी माणसं पुस्तक वाचून यायची, अर्ध्यात मटकन बसायची आणि शिव्या मला. शेवटी गाव बसलं, विचार केला. पुस्तक काही बदलत नाही. मग वाट बदलली. दोन उन्हाळे खणत होतो."

पर्यटनरावांची छाती जागच्या जागी थांबली.

"आणि पारवे?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"नव्हते. चार आणून सोडले. आता ऐंशी आहेत. इथे थांबत नाहीत मात्र, दिवसभर गिरणीच्या छपरावर. बाईंचं निम्मं धान्य त्यांच्या पोटात जातं." राखणदार थांबला, जरा दम घेतला. "ज्या कुणी लिहिलं ना साहेब, तो एकदा भेटायला हवा. मारणार नाही. फक्त विचारणार, बाबा, तू आला होतास का?"

"कदाचित त्याला माहितीच चुकीची मिळाली असेल," पर्यटनराव म्हणाले.

"असेल. पाय बरोबर मिळाले होते ना?"

साडू खोकला. तो हसू दाबतोय हे पर्यटनरावांना पाठीवरून कळलं.

रकाना ७: खांबांची संख्या

~~सात.~~ ~~सहा.~~ ~~सात.~~ मागील पानावर पाहावे.

माळावर पोचल्यावर मात्र पर्यटनराव सगळं विसरले. सहा खांब ओळीने उभे होते. त्यांच्या अंगावरची वेलबुट्टी वाऱ्यापावसाने पुसट झालेली, पण बोट फिरवलं की पान न् पान लागत होतं. फोटोत हे काहीच दिसलं नव्हतं. कुणीतरी, कधीतरी, छिन्नी हातात धरून इथे बसलं होतं आणि प्रत्येक पानाला वेगळा देठ दिला होता. पर्यटनराव एका खांबाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. त्यांना पहिल्यांदाच शब्द सुचेना.

साडू मात्र थेट सातव्याकडे गेला होता. हा खांब जाडजूड होता, गुळगुळीत होता, आणि झुकलेला होता. साडूने त्याच्यावर थाप मारली.

"ह्याला म्हणतात जुनं काम. काय पकड आहे बघा. आजच्या गवंड्याला जन्मात जमणार नाही."

"का नाही जमणार?" मागून आवाज आला.

खांबामागच्या सावलीत एक माणूस बसला होता. हातात थापी. तो गावचा गवंडी. पर्यटक आले की तो इथे येऊन बसत असे, खांबाला कुणी धक्का देऊ नये म्हणून.

"मीच बांधलाय," तो म्हणाला. "दोनदा."

मग सगळं बाहेर आलं, आणि गाळाची विहीर उपसावी तसं येतच राहिलं. पुस्तक निघालं त्या वर्षी पहिलं कुटुंब आलं, त्यांनी मोजले, सहा भरले. त्यांनी राखणदाराला विचारलं, सातवा कुठाय? दुसऱ्या कुटुंबाने विचारलं, विकलास का? मग एका निवृत्त मुख्याध्यापकांनी जतन विभागाला पत्र लिहिलं, आणि तिकडून राखणदाराला नोटीस आली: आपल्या ताब्यातील सातव्या खांबाचे काय केले याचा खुलासा करावा. त्याने खुलासा केला, की सातवा नव्हताच. त्यावर उत्तर आलं, की पुस्तिकेत आहे.

"चार वर्षं खुलासे करत होतो," राखणदार म्हणाला. "माझी मुलगी लग्नाची होती. लोक म्हणायचे, त्या खांबचोराची का?"

"शेवटी गाव माझ्याकडे आलं," गवंडी म्हणाला. "म्हणाले, बांध एक. मी बांधला. ओळंब्यात, सरळ, केसाचा फरक नाही. चहाच्या पाण्याने रंगवला. आणि पहिलाच पर्यटक म्हणतो, हा झुकलेला नाही." त्याने थापीवरची माती पुसली. "पाडला. परत बांधला, वाकडा. तुम्हाला सांगतो, वाकडं बांधणं फार अवघड. सरळ कुणीही बांधेल. पण आसपासच्या गावातले लोक येतात, बघतात, विचारतात, कुणी बांधलं हे? आणि मग भिंत बांधायला दुसऱ्याला बोलावतात."

पर्यटनरावांनी काहीतरी करायचं म्हणून मोजपट्टी काढली. खांबाची उंची आठ मीटर भरली. पाच वजा जाता तीन. तेवढ्यात साडूला राहवलं नाही. त्याच्या मनात दगा नव्हता. उलट नात्याचा अभिमानच होता.

"अहो, पण गंमत बघा," तो दोघांना म्हणाला. "ते पुस्तक लिहिलंय कुणी माहितेय? यांनीच. आमचे साडू."

माळावर वारा होता, तोही पडला.

राखणदार पर्यटनरावांकडे पाहत राहिला. गवंड्याने थापी खाली ठेवली, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

"माझ्याकडे पुरावा आहे," पर्यटनराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. त्यांनी फाइलमधून तो तळहाताएवढा फोटो काढला. "सात आहेत. भिंग लावून मोजलेत मी. तीन वेळा. हे बघा. एक, दोन... सात. आणि हा झुकलेला."

राखणदाराने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हा मी," तो म्हणाला.

"कुठला?"

"सातवा."

"ताप होता त्या दिवशी. काळं कांबळं पायापर्यंत पांघरलेलं. फोटोवाला म्हणाला, हलू नका. मी नाही हललो."

"आणि ते झुकणं?" साडूने विचारलं. "ते काळाचं ओझं?"

"कंबर धरली होती. काठीला टेकलो होतो."

गवंडी पहिल्यांदा हसला. मग साडू. राखणदार मात्र हसत नव्हता. तो तो फोटो बघत होता. "म्हणजे एवढी वर्षं," तो सावकाश म्हणाला, "मी माझ्याच चोरीचा खुलासा करत होतो."

पर्यटनरावांना वाटलं, आपल्या पिशवीत दोरी आहे, मीठ आहे, छत्री आहे. तोंड लपवायला काही नाही.

रकाना ८: आढळलेली तफावत (दोन ओळींत लिहावी)

बस पाचला सुटणार होती. साडेचारला मंडळी गिरणीच्या ओट्यावर बसली होती. फॉर्म मधोमध. बाई उभ्या होत्या, कारण त्यांना बसून भांडता येत नसे.

पेच असा होता. सात लिहावेत तर खोट्यावर सही, आणि उद्या एखादा जाणकार येऊन सातव्याला टिचकी मारणार. सहा लिहावेत तर सातवा म्हणजे संरक्षित जागेतलं बेकायदा बांधकाम, आणि गवंडी व राखणदार दोघंही कचेरीत. आणि काहीच लिहू नये तर सोमवारी पान गळालं, आणि पानाबरोबर बस. नर्सबाई रिकामी पेटी घेऊन केव्हाच बसजवळ येऊन उभ्या होत्या. त्या इकडेच बघत होत्या.

"सात लिहा," साडू म्हणाला. "आतापर्यंत चाललंच आहे."

"माझं नाव आलं तरी चालेल," राखणदार म्हणाला. "खुलाशांची सवय आहे. फक्त बस राहू द्या."

"आणि ते नीरव काढा आधी," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं भोंगा वाजला की मी पट्टा काढतेय. तुमच्या घरी पीठ कुठून येतं? नीरवच येतं का?"

"काढतो," पर्यटनराव म्हणाले.

"पारव्यांचं काय?"

"तेही काढतो."

"कागदावरून काढाल. छपरावरून कोण काढणार?"

पर्यटनरावांनी पेन उघडलं. दोन ओळींची जागा पाहिली आणि फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. आयुष्यभर त्यांची लेखणी धबधब्यासारखी वाहिली होती. आज एकेक शब्द गवंड्याच्या विटेसारखा ठेवावा लागत होता. गवंडी खांद्यावरून वाचत होता.

*"मूळ खांब सहा. त्यांवरील कोरीव काम पाहण्यासारखे आहे. जवळ जाऊन पाहावे. पुस्तिकेत सातवा खांब म्हणून नोंदलेली बाब खांब नसून येथील राखणदार होत. ते सुस्थितीत असून अद्याप कामावर आहेत. त्यांनी काहीही चोरलेले नाही. सध्या उभा असलेला सातवा खांब, तसेच पायवाट व पारवे, ही ग्रामस्थांनी पुस्तिकेबरहुकूम केलेली कामे आहेत. खांबाचा वाकडेपणा लेखकाचा आहे, गवंड्याचा नाही. गावात गिरणी आहे. ती चालू असते. निम्नस्वाक्षरीकाराने हे ठिकाण आज प्रथमच पाहिले."*

"'सरळही बांधू शकतो' असं टाका," गवंडी म्हणाला.

टाकलं.

सहीच्या जागेवर पेन थांबलं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. बाकी सगळं एक वेळ खपलं असतं. पण एकोणीस वर्षं निरोपसमारंभांत वाचलं गेलेलं पान जागा न पाहताच लिहिलं होतं, हे त्या एका वाक्याने कायमचं कागदावर येणार होतं.

"राव," साडू हळू आवाजात म्हणाला, "हे नोकरीवर येईल."

"येईल," पर्यटनराव म्हणाले.

"तीनच वर्षं राहिलीत."

"यांची एकोणीस गेली."

त्यांनी सही केली. साडूने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आपल्या घड्याळाकडे, आणि मग खिशातून पेन काढून सहीखाली 'साक्षीदार' असं लिहून स्वतःचीही केली. फॉर्ममध्ये साक्षीदाराची जागा नव्हती.

गिरणीवाल्या बाई आत गेल्या. पट्टा चढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ घरघर सुरू झाली. पाहुणे गावात, बस उभी, आणि गिरणी चालू. छपरावरून ऐंशी पारवे एकदम उठले आणि डोक्यावरून गोल फिरले. पर्यटनराव आ वासून वर बघत राहिले. त्यातल्या काहींनी त्यांच्याबद्दलचं मत तिथल्या तिथे नोंदवलं. छत्री पिशवीतच होती.

रकाना ९: वरिष्ठांचा शेरा

हा यायला सात आठवडे लागले. तोवर पर्यटनराव रोज टेबलाचा खण आवरून ठेवत होते.

शेरा पाच कलमी होता. ठिकाण पुस्तिकेत कायम ठेवावे. खांब सहा असे दुरुस्त करावे. सबब बस चालू राहील. सातव्या खांबाविषयी समिती नेमण्यात येत असून तिचा निर्णय होईपर्यंत तो आहे तसाच ठेवावा व कोणीही सरळ करू नये. (याची एक प्रत गवंड्याकडे गेली. वाकडेपणाला सरकारी संरक्षण मिळालेला पंचक्रोशीतला तो एकटाच कारागीर. त्याने ती चौकटीत घालून दाराबाहेर लावली आहे, आणि कंडक्टर सांगतो की त्याला दोन भिंती मिळाल्या.) जतन विभागाने राखणदारास एका ओळीचे पत्र पाठवून चोरीचे प्रकरण निकाली काढावे.

आणि पाचवं कलम: लेखकास सक्त ताकीद देण्यात येते. तसेच सदर कर्मचारी दौऱ्यावर गेल्यास कार्यालयाचे काम वाढते, हे लक्षात घेता त्यांना यापुढे दौऱ्यावर पाठवू नये. नव्या मजकुरात पूर्वीचा डौल नाही.

पर्यटनरावांनी ते दोनदा वाचलं. नोकरी राहिली होती. त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, चहा घेतला, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळ्या मनाने आपली पुस्तिका उघडली. एकतीस झालं, म्हणून पान उलटलं.

पान बत्तीस. एक दूरचं खेडं, नदीकाठचा पडका मनोरा. मनोऱ्याचं वर्णन ठीक होतं. त्याखाली, त्यांच्याच वळणदार भाषेत, एक वाक्य होतं: *"येथील ग्रामस्थ सदैव हसतमुख असतात."*

चहा गार झाला.

"अगं," त्यांनी विचारलं, "एखादा माणूस सलग किती वर्षं हसू शकतो?"

"तुमच्याबरोबर?" बायको म्हणाली. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं, आणि उठून पिशवी काढली. दोरी आणि मीठ बाहेर ठेवलं. स्वतःची एक साधी चप्पल आत टाकली. "या वेळी मी येणार. बस चुकली तर निदान बसस्थानक तरी वेगळं असेल."

दौरा बंद होता, म्हणून पर्यटनरावांनी रजेचा अर्ज घेतला. कारणाच्या जागी त्यांनी पहिल्यांदा 'खाजगी' लिहिलं. मग ते खोडलं, आणि खरं ते लिहिलं: एका गावाला हसणं थांबवायला सांगून येणे.